मदत हवी आहे : पी१० एलईडी बोर्डाचा उजेड रात्री कमी कसा करायचा?

नमस्कार मंडळी,

आमच्या गणपती मंडळासाठी आरतीच्या वेळा दाखवणारा बोर्ड बनवलाय. लाल रंगाचे दोन पी१० पॅनेल (10 मिमी अंतरावर एलईडी असलेले, प्रत्येकी 32 × 16 एलईडी), आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा कंट्रोलर बोर्ड), 5 व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि डीएमडी लायब्ररी (असे पॅनेल चालवायचा तयार कोड). दिवसा झकास दिसतो. रात्री मात्र समोरच्या काकूंच्या हॉलमध्ये लाल प्रकाश पडतो, आणि त्यांचं म्हणणं अगदी रास्त आहे.

एका मित्राने एसएमपीएसचा स्क्रू फिरवून व्होल्टेज उतरवायला सांगितलं. केलं, तर दुसऱ्या पॅनेलवरची अक्षरं तुटायला लागली. गुपचूप परत 5 वर आणलं.

मग पॅनेलच्या ओई पिनवर (आउटपुट एनेबल, म्हणजे एलईडी चालू-बंद करणारी पिन) पीडब्ल्यूएम द्यायचं ठरवलं, म्हणजे एलईडी भराभर चालू-बंद करून चालू राहण्याचा वेळ कमी करायचा. ओई आर्डुइनोच्या 9 नंबरच्या पिनला आहे. आता गंमत बघा: अ‍ॅनालॉगराइटला (पीडब्ल्यूएम 0 ते 255 मध्ये ठरवणारी आज्ञा) 255 दिलं की पूर्ण उजेड, 254 दिलं की जवळजवळ अंधार! मधलं काहीच नाही.

मला संशय टायमर-1 चा (आर्डुइनोच्या चिपमधल्या वेळ मोजणाऱ्या काउंटरपैकी एक) आहे. पॅनेलचं स्कॅनिंग (ओळींचे गट आळीपाळीने उजळणं) दर 5 मिलिसेकंदांनी त्याच्यावरच चालतं आणि 9 नंबरच्या पिनचा पीडब्ल्यूएमही त्याचाच. स्कॅनिंग टायमर-2 वर हलवू, की ओई 3 नंबरच्या पिनला नेऊ? पण 3 चा पीडब्ल्यूएम टायमर-2 वरच असतो, म्हणजे दोन्ही एकदम जमणार नाही. कुणी केलंय का?

आणखी एक, मोबाईलच्या व्हिडिओत बोर्डावर काळे पट्टे सरकतात. स्कॅनिंगचा वेळ 1 मिलिसेकंद केला तर जातील का?