मदत हवी आहे: आयर्लंडमध्ये स्मॉल क्लेम्सचा (छोट्या रकमेचा) दावा कुणी केलाय का?

नमस्कार मंडळी, मी कॉर्कला राहते. १,४०० युरोंचा सोफा घेतला आणि तिसऱ्याच आठवड्यात मधली लाकडी पट्टी मोडली. सासूबाईंना त्यावरून हात धरून उठवावं लागतं. दुकानदार दाद देत नाही, फार मनस्ताप झालाय.

वाचून एवढं समजलं: २,००० युरोंपर्यंतचा ग्राहकाचा दावा डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या स्मॉल क्लेम्समध्ये जातो, फी २५ युरो, वकील लागत नाही. आधी कोर्टाचे अधिकारी, म्हणजे रजिस्ट्रार, तडजोड करून बघतात, नाही जमलं तर जजसमोर. त्यावर अपील वरच्या, म्हणजे सर्किट कोर्टात. आपल्याकडच्या ग्राहक आयोगासारखंच (पूर्वीचा ग्राहक मंच) वाटलं, पण इथे ते नेहमीच्या कोर्टातच चालतं.

पुराव्याला फोटो आणि ईमेल पुरतात, की सुताराकडून लेखी घ्यावं? जजसमोर आपण स्वतः कसं बोलायचं? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.