अंग बाहेर येणे आणि व्यायाम
आईंचे अंग बाहेर येऊ लागले आहे (म्हणजे गर्भाशय खाली सरकून योनीमार्गातून बाहेर येऊ लागले आहे), शस्त्रक्रिया टाळता येईल का, असे आपण विचारले आहे. गर्भाशय पूर्ण बाहेर आलेले नसेल, तर आधी फिजिओथेरपी जरूर करून पाहावी. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पॉपी’ या वैद्यकीय चाचणीत, ४४७ स्त्रियांपैकी ज्यांना ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम वैयक्तिकरीत्या शिकवले गेले, त्यांचा त्रास वर्षभराने इतरांपेक्षा कमी झालेला आढळला. मात्र वायू रोखताना आवळतो तसे स्नायू आत, वरच्या दिशेने ओढताना श्वास कोंडू नये, नितंब ताठ करू नयेत. अनेकींचे नेमके इथेच चुकते, म्हणून पहिली तपासणी प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडूनच करून घ्यावी. माझ्या सासूबाई आजही भरलेली बादली उचलण्याआधी क्षणभर थांबून स्नायू आवळून घेतात. बद्धकोष्ठता असल्यास तिच्यावरील उपचारही लांबवू नयेत.