अनुभव धागा : डंजनमध्ये उतरताना तुमची पार्टी कशी असते?

कंदीलवाला
काल रात्री भाच्याचा स्क्रीनशॉट आला. डार्केस्ट डंजन हा कॉम्प्युटर गेम घेतलाय त्याने सेलमध्ये. एक नंबरला प्लेग डॉक्टर, दोनला व्हेस्टल, तीनला हायवेमन आणि सगळ्यात मागे चार नंबरला लेपर!! खाली मेसेज, "मामा टँक आहे, हीलर आहे, मारणारे आहेत, तरी दर वेळी का मरतोय?" पोट धरून हसलो आणि मग २०१६ ची ती सगळी जागरणं आठवली.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भुयारात (डंजन) उतरणारे आपले चार हिरो, म्हणजे पार्टी, एका रांगेत उभे. टँक म्हणजे मार झेलणारा, हीलर म्हणजे बरं करणारा. प्रत्येक स्किल ठरावीक जागेवरूनच चालतं आणि समोरच्या ठरावीक जागांवरच लागतं. लेपरची तलवार पुढच्या दोन जागांवरूनच चालते आणि शत्रूच्याही पहिल्या दोघांपर्यंतच पोचते, त्यामुळे हे महाशय मागे नुसते उभे. प्लेग डॉक्टरचा बाँब मागून फेकायचा असतो, तो पुढे उभा राहून मार खातोय. व्हेस्टलची एकाला भरघोस बरं करणारी हील तीन-चार नंबरवरूनच होते. म्हणजे यादी एकदम बरोबर आणि रांग साफ चूक. त्यात गेम मध्येच सरप्राइज अटॅक देतो, तेव्हा सगळ्यांच्या जागा आपोआप उलटसुलट होतात. नीट लावलेली रांगसुद्धा पहिल्याच टर्नला गेली.

त्यामुळे माझा नियम असा की रांग विस्कटल्यावरही निदान दोघं कामाचे राहिले पाहिजेत. क्रूसेडर मागे ढकलला गेला तर होली लान्स मारत एक जागा पुढे येतो, हायवेमन पुढे फसला तर पॉइंट ब्लँक मारून मागे सरकतो, तेच ग्रेव्ह रॉबरचं. अशी हलती माणसं असली की मी निश्चिंत. बॅलन्स म्हणजे टँक-हीलर-डॅमेज ही व्याख्या मला तरी या गेमने विसरायला लावली.

तुमच्या पार्ट्या सांगा. गेम कुठलाही चालेल, फक्त नवशिक्याला मारणारा हवा.

झोपमोड
चार नंबरला लेपर =)) हसून हसून पुरेवाट. भाच्याला दंडवत सांगा

अर्धाकप
व्हेस्टल नसेल तर मी उतरतच नाही. एकदा ऑकल्टिस्टच्या भरवशावर गेले होते, सगळे म्हणतात काय भारी हील आहे म्हणून. आहे ना भारी, शून्यापासून भरपूरपर्यंत काहीही येऊ शकतं त्यात. क्रूसेडरचे दोन एचपी (जीव) उरलेले, शेवटची खोली, हील मारली, आला शून्य. वर ब्लीड लागलं त्यालाच!! म्हणजे बरं करायला गेला आणि रक्त काढून आला. बँडेज आधीच संपलेली. पुढच्या टर्नला ब्लीडनेच डेथ्स डोअर, म्हणजे मरणाच्या दारात. बरं थांबा कुकर झाला

झोपमोड
@अर्धाकप मग वाचला की गेला??

कोपऱ्यातलाटेबल
व्हेस्टल व्हेस्टल काय लावलंय. हीलरवर पार्टी उभी करणाऱ्यांचीच वाट लागते या गेममध्ये. जेवढी हील देता त्याच्या दुप्पट समोरून येतं, आणि एकच कमजोर शत्रू शिल्लक ठेवून निवांत हील करत बसावं म्हटलं तर गेम वरून नवी कुमक पाठवतो. माझी पार्टी पहिल्या दोन टर्नमध्ये मागची रांग साफ करते. रुइन्स नावाच्या भागात तो पेला फेकणारा सांगाडा असतो ना मागे उभा, डॅमेज नगण्य पण स्ट्रेस धडाधड वाढवतो, तो आधी मेला पाहिजे. हेलियन एक नंबरवरून थेट चौथ्याला मारते, प्लेग डॉक्टर मागच्या दोघांना स्टन करतो, झालं काम. सांगाड्यांवर ब्लीड फारसं लागत नाही, ब्लाइट (विष) लागतं, म्हणून तिथे प्लेग डॉक्टर पाहिजेच. प्रत्येक भागाची पार्टी वेगळी. एकच लाडकी चौकडी सगळीकडे नेणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

अर्धाकप
गेला. वर त्याचं चांगलं शस्त्र नुकतंच अपग्रेड केलेलं.

आणि @कोपऱ्यातलाटेबल स्ट्रेसचं काय मग? शंभरला पोचला की एखादाच धीराचा निघतो, बाकीचे एकमेकांना शिव्या घालायला लागतात, हील नको म्हणतात, दोनशेला हार्ट अटॅक. तिथे तुमची हेलियन काय करणार. मी जेस्टर (विदूषक) घेते. सारंगी वाजवतो की काय ते, पण स्ट्रेस उतरतो.

कोपऱ्यातलाटेबल
सारंगी =)) ल्यूट आहे हो ती. जेस्टर मान्य. पण लवकर मारलं तर स्ट्रेस चढतच नाही हे माझं म्हणणं.

ग्राफपेपर
तुम्ही लोक नशीबवान, मेलं की नवीन माणूस घोडागाडीतून फुकट येतो. आमच्या वेळचं विझर्ड्री ऐका. १९८१ चा गेम, मूळ ॲपल टू वरचा. मी पुष्कळ नंतर मोठ्या भावाच्या हॉस्टेलवर पीसीवर पाहिला. सहा जणांची पार्टी, पुढचे तीनच हाताने मारू शकतात, मागचे तीन मंत्रवाले नाहीतर चोर. इथपर्यंत सोपं. खरी गंमत स्वभावाची, गुड, न्यूट्रल, ईव्हिल. गुड आणि ईव्हिल एका पार्टीत यायलाच तयार नाहीत. प्रीस्ट न्यूट्रल होऊ शकत नाही, चोर गुड होऊ शकत नाही, लॉर्ड फक्त गुड, निन्जा फक्त ईव्हिल. म्हणजे प्रीस्ट गुड घेतला की चोर न्यूट्रलच बघावा लागतो, आणि चोराशिवाय पेटी उघडली तर सापळा फुटणार. टेलिपोर्टरचा सापळा असला तर सगळी पार्टी भलतीकडेच.

त्यात भुयारात मधूनच मैत्रीने वागणारे राक्षस भेटतात. गुड लोकांनी त्यांच्यावर हल्ला केला तर एखाद्याचा स्वभाव बदलून ईव्हिल होतो. भुयारात असेपर्यंत गपगुमान बरोबर चालतो, पण गावात येऊन गिल्गमेशच्या खानावळीत पार्टी मोडली की पुन्हा जोडता येत नाही. आमचा मेज (जादूगार) असाच फुटला. भाऊ दोन दिवस त्या मेजशी बोलत नव्हता, म्हणजे माझ्याशी, कारण कीबोर्डवर मी होतो.

मेलेला देवळात नेऊन जिवंत करता येतो, पैसे मोजून, पण फसलं की त्याची राख होते. राखेवर पुन्हा प्रयत्न फसला की कायमचा गेला. आणि सगळे सहा खाली मेले तर प्रेतं तिथेच पडून राहतात, ती आणायला दुसरी पार्टी पाठवायची, आणि त्या पार्टीत जागा रिकाम्या ठेवून जायचं कारण सहाच्या वर नेता येत नाहीत! म्हणजे कमी माणसांनिशी त्याच मजल्यावर जिथे सहा जण मेले. नवीन रीमेक आलाय २०२४ मध्ये, त्यात डोळ्यांना बरं वाटतं. पण दुसरी पार्टी राखीव असावी हे तेव्हापासून डोक्यात बसलंय.

हळदकुंकू
मी खेळत नाही पण नवऱ्यामुळे यातलं सगळं माहिती झालंय :( तो सगळ्या हिरोंना नातेवाइकांची नावं देतो. व्हेस्टल म्हणजे त्याची मोठी आत्या, लेपर म्हणजे काका, असं. परवा सासूबाई देवाजवळ बसलेल्या आणि हा आतल्या खोलीतून ओरडला "आत्या मरायला टेकलीय, थांब जरा!" सासूबाई तशाच उठल्या, आत्यांना फोन लावला. आत्या म्हणाल्या मी भाजी निवडतेय. नंतर जे झालं ते इथे लिहू शकत नाही.

झोपमोड
=)) =)) =)) धाग्याचं सार्थक झालं. मग आत्या वाचली का?

हळदकुंकू
खरी वाचली. गेममधली गेली म्हणे, ते सासूबाईंना सांगितलेलं नाही.

रात्रपाळी
वाचनखूण साठवली. दोन ब्रेकच्या मध्ये लिहितोय, टायपो समजून घ्या.
माझा अनुभव इट्रियन ओडिसीचा, निन्टेंडो डीएसवर, २००७ चा पहिला भाग. खालच्या स्क्रीनवर नकाशा आपणच काढायचा. पाच जणांची पार्टी आणि वर्ग नऊ, त्यामुळे काहीतरी सुटतंच. मी प्रोटेक्टर (ढालवाला), लँड्सनेक्ट (तलवारवाला) पुढे, मागे मेडिक, अल्केमिस्ट आणि ट्रूबडोर (गाणारा). त्यात एफओई नावाचे मोठे राक्षस नकाशावर दिसतात, तुम्ही एक पाऊल टाकलं की ते एक पाऊल. पण साध्या लढाईतली प्रत्येक टर्नसुद्धा ते मोजतात!! म्हणजे तुम्ही दोन क्षुल्लक किड्यांशी घोळ घालत बसलात तर एफओई चालत चालत लढाईतच येऊन उभा राहतो. म्हणून सगळी पार्टी बचावाची केली तर लढाया लांबतात आणि लांबल्या की तो आलाच. @कोपऱ्यातलाटेबल चं म्हणणं इथेही लागू.
फक्त मेडिकचं इम्युनाइज (पार्टीचा बचाव वाढवणारं स्किल) तेवढं त्या पहिल्या भागात इतकं तगडं आहे की ते शिकलं की बाकी विचार करायचं कारणच उरत नाही, मग मजा जाते. मित्राने ते मुद्दाम टाळून गेम संपवला आणि अजून ऐकवतो.
आणि एक वेगळी कामगार पार्टी ठेवायची, सगळे सर्व्हायव्हलिस्ट. लढायचं नाही, नुसतं लाकूड, दगड गोळा करून आणायचं. दुकानात नवीन तलवार त्याशिवाय येतच नाही. सुपरवायझर आला नंतर लिहितो

फणसाचागरा
हे मोबाईलवर चालतं का? मुलासाठी विचारतेय

कंदीलवाला
@फणसाचागरा डार्केस्ट डंजन आयपॅडवर आहे. पण मुलगा लहान असेल तर नको, बराच काळोखा प्रकार आहे.

फणसाचागरा
मुलगा २४ चा आहे

कंदीलवाला
मग घ्या :)

बर्फाळवाट
नमस्कार, फिनलंडहून. इथे दुपारी तीनला अंधार झालाय त्यामुळे विषय अगदी योग्य वेळी निघालाय. लेजंड ऑफ ग्रिमरॉक कुणीच कसा काढला नाही? २०१२ चा, इथल्याच मोजक्या लोकांनी बनवलेला. चार कैदी डोंगराच्या माथ्यावरून खाली ढकललेले, दोन पुढे दोन मागे, आणि चौघं एकाच चौकोनात चालतात. टर्न वगैरे भानगड नाही, सगळं चालू घड्याळावर. मागच्या रांगेत भाला, बाण, फेकायच्या वस्तू नाहीतर जादू. आणि जादू करायची तर नऊ चिन्हांतून बरोबर चिन्हं दाबायची आणि मग मंत्र सोडायचा, समोरून मार चालू असताना.
मी हौसेने मागे दोन्ही मेज घेतले. कागदावर काय सुंदर पार्टी. पण हात माझे दोनच ना! एकाची चिन्हं दाबेपर्यंत दुसरा रिकामा, त्यात बाजूला सरकून पळायचंही आपणच. एक मेज आणि एक भालेवाला केल्यावर कुठे जमलं. या गेममध्ये खेळणाऱ्याची बोटंसुद्धा पार्टीत धरायची. मिनोटॉर घेतलात तर जेवण जास्त लागतं हेही लक्षात ठेवा, आमचा सगळा गोगलगाईचा साठा एकट्याने संपवला त्याने.

ऑरेंजसिटी
गोगलगाय खाते का बे ते? :O

बर्फाळवाट
हो मारलेल्या गोगलगाईचे तुकडे मिळतात. इथल्या सुपरमार्केटपेक्षा स्वस्त पडतं.

ऑरेंजसिटी
आमच्याकडे तर्री पोहे मिळते बापा, या इकडे. बाय द वे मी चार क्रूसेडर घेऊन गेलतो एकदा, नुसती गंमत म्हणून. लहान क्वेस्ट होती, निघालो की पार! सगळे एकमेकाला बॅटल हील मारत राहिले थोडी थोडी. मागचे दोघे लान्स मारत पुढे येतात, पुढचे आपोआप मागे जातात, मग ते लान्स मारतात. गरगर फिरत होते सगळे. बॅलन्स-बिलन्स काही नाही.

कोपऱ्यातलाटेबल
@ऑरेंजसिटी लहान क्वेस्टमध्ये काहीही चालतं. हॅग नावाच्या चेटकिणीकडे घेऊन जा चार क्रूसेडर आणि सांग. ती एकाला उचलून कढईत टाकते, रांग तीनची होते, मागचे पुढे सरकतात आणि ती स्वतः कढईच्या मागे उभी. तिच्यापर्यंत पोचणारा माणूसच कढईत गेला की बसा बोंबलत. तिथे लांब मारणारे किमान तीन पाहिजेत.

ऑरेंजसिटी
लान्स पोचते की तिच्यापर्यंत

कोपऱ्यातलाटेबल
मागे उभा असेल तरच. तुझे तर पुढे सरकलेत ना.

ऑरेंजसिटी
हाव, हे बी खरं

कंदीलवाला
हॅगचा मुद्दा एक नंबर, मूळ धाग्यात लिहायला हवा होता. @ग्राफपेपर राखीव पार्टीचं तुम्ही म्हणालात ते इथेही जसंच्या तसं आहे. शेवटच्या डार्केस्ट डंजनमध्ये चार मोहिमा आणि एकदा तिथून परत आलेला हिरो पुन्हा आत पाऊल टाकायला नकार देतो. म्हणजे चार पार्ट्या, सोळा माणसं तयार पाहिजेत. लाडक्या चौघांवर सगळं सोनं उधळणाऱ्यांचा तिथे पोपट होतो. अकरा ओपनर नेऊन कसोटी खेळल्यासारखं, बोलिंग करायची वेळ आली की कळतं. शिवाय मोहिमेवरून आलेले ताणातच असतात, कुणी दारूच्या गुत्त्यात, कुणी मठात, तो आठवडा त्यांचा गेला. त्या आठवड्याला जायला बी टीम लागतेच. आणि पाचव्या लेव्हलचा माणूस नवशिक्यांच्या मोहिमेवर जायला कमीपणा मानतो, म्हणून खालच्या लेव्हलचेही काही जण सांभाळावे लागतात.

अर्धाकप
अबॉमिनेशन (तो राक्षसात बदलणारा) घ्यावा का बी टीममध्ये? नुकताच आलाय गाडीतून

कंदीलवाला
घ्या, पण व्हेस्टल आणि क्रूसेडर त्याच्याबरोबर जात नाहीत, धार्मिक आहेत ना. सेटिंगमध्ये ती अट बंद करता येते म्हणा.

अर्धाकप
व्हेस्टल नाही म्हणजे परत तो ऑकल्टिस्ट :( नको बाई

ग्राफपेपर
बघा, गुड-ईव्हिलचं भांडण इथेही आलंच.

रात्रपाळी
आलो परत. ते मित्राचं राहिलं, ज्याने इम्युनाइज न घेता संपवला. त्याच्या पार्टीत ट्रूबडोरही नव्हता, दोन अल्केमिस्ट होते. ड्रॅगनसाठी प्रोटेक्टरची आग-बर्फ-वीज अडवणारी तिन्ही स्किलं वाढवत बसला होता, कारण ड्रॅगन तीन आणि प्रत्येकाचा श्वास वेगळा. टर्न चुकली की सगळे खलास. सविस्तर उद्या, बस आली

झोपमोड
@कंदीलवाला भाच्याने काय केलं शेवटी?

कंदीलवाला
रांग उलटी केली. आता तक्रार आहे की पेट्या उघडल्या तरी माल मिळत नाही. सुरुवातीलाच मिळतो तो क्रूसेडर हात साफ करणारा आहे, क्लेप्टोमेनियाक, पेटीला आधी त्याचाच हात लागतो. ती खोड सॅनिटेरियममध्ये नेऊन काढ म्हटलं, तर म्हणतो त्याला पैसे नाहीत, सगळे त्यानेच चोरलेत.

हळदकुंकू
आमच्याकडे त्याचं नाव धाकटे दीर आहे

फणसाचागरा
कुठला आयपॅड लागेल? जुना चालेल का, घरात एक पडलाय काच फुटलेला