अँटनीने गर्दी जिंकली की फसवली?

पारावरचा:
शेक्सपिअरचं 'ज्युलिअस सीझर' हे नाटक परवा पुन्हा वाचलं. ब्रूटस, कॅशस, कास्का वगैरे कटवाले सीझरचा खून करतात, ब्रूटस लोकांना त्याचं कारण सांगतो आणि मग सीझरचा मित्र अँटनी बोलतो. सीझरच्या प्रेतापुढचं अँटनीचं भाषण निघालं की सगळे 'ब्रूटस सन्माननीय माणूस आहे' या पालुपदावरच अडकतात. पालुपद भारीच आहे. आधी आदर, मग शंका, शेवटी शिवी, आणि शब्द तेच! पण माझ्या मते लोक फिरतात ते वस्तूंमुळे. ब्रूटस रिकाम्या हाताने येतो, गद्यात मोजूनमापून बोलतो आणि निघून जातो. अँटनीकडे प्रेत आहे, भोकं पडलेला झगा आहे, मृत्युपत्र आहे. ते नुसतं दाखवतो आणि म्हणतो, वाचणार नाही. मग लोकच हात धुऊन मागे लागतात. तेव्हा खाली उतरून सगळ्यांना प्रेताभोवती रिंगण करायला लावतो. वक्तृत्व म्हणतात ते हे.

उलटतपासणी:
वक्तृत्व कसलं, शुद्ध लबाडी. झगा दाखवत सांगतो, इथून कॅशसचा खंजीर गेला, हे भगदाड कास्काचं, इथे ब्रूटसने भोसकलं. याला कसं कळलं? खुनाआधीच कटातल्याच ट्रेबोनिअसने याला बाजूला नेलं होतं. भोकांचं बारसं यानेच केलं! शिवाय म्हणे सीझरने नर्व्हींना (गॉलमधली एक टोळी) हरवलं त्या दिवशी संध्याकाळी तंबूत हा झगा पहिल्यांदा घातला, मला आठवतंय. ती लढाई इ.स.पू. 57 ची. खरा अँटनी सीझरकडे गॉलमध्ये (म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात) गेला तो त्यानंतर.

पारावरचा:
नर्व्हींचा मुद्दा इतिहासाचा, नाटकातल्या अँटनीला तो लागू नाही. भोकांचं मात्र बिनशर्त मान्य. पण गंमत बघा, खून आपल्या डोळ्यांदेखत झालेला असतो, कुठलं भोक कोणाचं हे आपल्यालाही सांगता येणार नाही, तरी झगा बघताना आपण मान डोलावतो.

वांगीभात:
कॉलेजात आम्ही हा प्रवेश केला होता, मी गर्दीत. 'मृत्युपत्र वाच' असं बोंबलायचं, एवढंच काम. पुढे लोक कटवाल्यांची घरं जाळायला पळत सुटतात आणि अँटनी त्यांना परत बोलावतो, अहो, मृत्युपत्र विसरलात की! तालमीत आम्ही खरंच विसरून थेट विंगेत जायचो. दिग्दर्शक वैतागायचे. पेटलेल्या गर्दीला थांबवतो कशाला, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता वाटतं, नुसता राग घरी जाईपर्यंत विझतो. मृत्युपत्रात लोकांना माणशी 75 ड्राख्मा (नाणी) आणि टायबर नदीकाठच्या बागा आहेत म्हटलं की टिकतो.

उलटतपासणी:
छान. आणि त्या ड्राख्मांचं पुढे काय? चौथ्या अंकाच्या सुरुवातीलाच अँटनी आपल्या साथीदार लेपिडसला पिटाळतो, सीझरच्या घरून मृत्युपत्र आण, देणी कुठे कापता येतात बघू. मधल्या मध्ये गर्दीने सिन्ना नावाच्या कवीला फाडलेलं असतं, का, तर कटातल्या एकाचं नावही सिन्ना. याचं कौतुक करायचं?

पारावरचा:
कौतुक कसबाचं, माणसाचं नाही. आणि ब्रूटसला इतकं सोडू नका. कॅशस बजावत होता, याला बोलू देऊ नकोस. ब्रूटसचं उत्तर काय, तर आधी मी बोलतो, म्हणजे प्रश्न मिटला. मग लोकांना 'थांबा, अँटनीचं ऐका' असं सांगून एकटाच निघून गेला.

वांगीभात:
हो ना. आमचा ब्रूटस तोवर विंगेत चहा पीत बसलेला असायचा.