मदत हवी आहे: एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) दिसणारा थर दातातल्या सूक्ष्म नलिका बुजवतोय की नुसता वर बसलाय?

एमडीएसच्या (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी संवेदनशील दातांवरच्या दोन पेस्ट तपासतेय, ८ टक्के आर्जिनिनची (हे एक अमिनो आम्ल) आणि नोव्हामिनची (ही एक जैवसक्रिय काच). पोटॅशियम नायट्रेट मुद्दाम घेतलं नाही. ते मज्जातंतूवर काम करतं, नलिका बुजवत नाही.

काढलेल्या अक्कलदाढांच्या १ मिमी चकत्या, १७ टक्के ईडीटीएने (कॅल्शियम ओढून घेणाऱ्या रसायनाने) नलिका उघडल्या, ७ दिवस दोनदा ब्रशिंग, चढत्या अल्कोहोलमध्ये निर्जलीकरण, सोन्याचा लेप, २००० पट वर्धन. उपचार न केलेल्या चकत्यांवर नलिका स्वच्छ उघड्या दिसतात, म्हणजे तिथवर ठीक आहे.

पेस्टच्या चकत्यांवर मात्र जाड थर दिसतो. तो पेस्टमधल्या घर्षक कणांचा साका असेल तर माझे सगळे आकडे खोटे ठरतील, याचीच धास्ती आहे. ३० सेकंद अल्ट्रासोनिक करून पाहिलं. थर गेला, पण नलिकांच्या आतले बुचही निघाले असावेत. शिवाय बहुतेक चकत्यांना वाळताना तडे गेलेत.

क्रिटिकल पॉइंट ड्रायर (तडे टाळून वाळवणारं यंत्र) आणि लो व्हॅक्युमची (पूर्ण न वाळवता पाहण्याची) सोय नाही. बाहेरच्या संस्थेतल्या एसईएमचे तीनच तास उरलेत, चकत्या १२. ज्या चकतीवर एकदा सोनं चढलं ती पुन्हा वापरता येणार नाही.

हेक्सामिथाइलडायसिलाझेन या उडून जाणाऱ्या द्रवाने वाळवलं तर तडे पुरेसे कमी होतात का? आणि बुचाची खोली दाखवायला चकती मागून खाच पाडून उभी तोडावी, की ६ टक्के सायट्रिक आम्लात १ मिनिट बुडवून वरूनच पाहिलेलं परीक्षकांना चालतं?