मोहोळच्या बांधावर उगवलेली ही गुच्छी आहे का? आणि कुलूला गेलो तर खरी कुठं शोधायची?

माळरान_मोहोळ:
नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, माहेर मोहोळ तालुक्यात. मागच्या आषाढात माहेरी वारुळाच्या कडेला बोटाएवढे जाड, पांढरट दांडे उगवले होते. वर मिटलेली लांबट टोपी, तिच्यावर खवले. भावानं फोटो एका ग्रुपवर टाकला, तर कुणीतरी सांगितलं, ‘ही गुच्छी, हिमालयातली महागडी रानअळंबी, किलोला वीस हजार!’ तेव्हापासून घरात तोच विषय. भाऊ म्हणतो, यंदा पाऊस पडला की गोळा करून विकू. आपल्याकडं खरंच गुच्छी येते का? फोटो खाली जोडलाय.
दुसरं म्हणजे एप्रिलमध्ये आम्ही दोघं कुलूला चाललोय. तिथं जंगलात जाऊन स्वतः शोधता येते का? एकदा तरी खाऊन बघायची फार इच्छा आहे.

काळी_माती:
गुच्छी थंड मुलखातली. ती उगवते त्या दिवसांत आपल्याकडं पारा चाळिशीच्या पुढं असतो, त्यामुळं सोलापुरात विषयच नको. वारुळावर पावसाळ्यात येते ती अळंबी. आमच्याकडं आजी करायची, पण तिला ओळख होती. ओळख नसेल तर हात लावू नका.

सैंजचा_सर्व्हेवाला:
ताई, मी अक्कलकोट तालुक्यातला. कुलू जिल्ह्यात सैंज खोऱ्यात वीज प्रकल्पावर सर्व्हेच्या कामाला होतो. ज्यांच्या घरी भाड्यानं राहायचो त्या अम्मांच्या मागं मागं फिरून गुच्छी शोधायला शिकलो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भावाचं. फोटोवरून तरी मला ते पोडॅक्सिस वाटतंय. कोरड्या मुलखात, वारुळाच्या आसपास पावसानंतर येणारी ही छत्री आहे. जून झालेलं एखादं उभं चिरून बघायला सांगा. मधला दांडा टोपीच्या शेंड्यापर्यंत सरळ गेलेला दिसेल आणि भोवती काळपट भुकटी हाताला लागेल. गुच्छीत असं काहीच नसतं. खऱ्या गुच्छीची टोपी मधाच्या पोळ्यासारखी खळग्याखळग्यांची असते, आणि उभी चिरली की टोपीपासून देठापर्यंत आत एकच पोकळी. तेव्हा वीस हजारांचा हिशोब आजच सोडायला सांगा. गुच्छी म्हणून हे कुणाला विकणं म्हणजे फसवणूक होईल, आणि नुसत्या फोटोवरून कुणी काही खाऊ नये.

आणखी एक, कारण हे आपल्याच भागातलं आहे. पावसाळ्यात गवतात, शेणखताच्या कडेला मोठ्या पांढऱ्या छत्र्या येतात. कोवळ्या असताना अगदी खाण्यासारख्या दिसतात, पण पुढं खालच्या पापुद्र्यांना हिरवट रंग चढतो. त्या विषारी. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. पोराबाळांना हे दाखवून ठेवा.

आता कुलू. मार्चअखेर ते मे हा मोसम. बर्फ वितळून जमीन ओली झाली, दोन पाऊस पडले आणि वर ऊन मिळालं की सुरुवात होते. आधी खालच्या, उन्हाच्या उतारांवर, मग जसजसं बर्फ मागं हटेल तसतशी वर वर. साधारण दोन हजार मीटरच्या पुढं बघायचं. झाडं देवदार, कैल, रई. जुन्या सफरचंदाच्या बागेतही मिळते, आणि वणवा लागून गेलेल्या जंगलात पुढच्या वसंतात जास्त येते. विजा कडाडल्या की गुच्छी निघते असं गावात सगळे मानतात.

शोधायची रीत अशी. उभं राहून खाली बघत चाललात तर दिसणार नाही. तिचा रंग आणि खाली पडलेल्या सुया-शंकूंचा रंग एकच. अम्मा उताराच्या खालच्या अंगाला उकिडव्या बसायच्या आणि नजर वरच्या बाजूला टाकायच्या. मग सुयांच्या थरातून वर आलेली खळग्यांची टोकं दिसायला लागतात. एक दिसली की पाय हलवायचा नाही, आधी तिथूनच चहूकडं बघायचं, कारण दुसरी बहुतेक जवळच असते आणि तीच पायाखाली जाते. चाकूनं बुडाशी कापायची. अगदी बारकी ठेवून द्यायची.

पण ताई, एकट्यानं जंगलात शिरू नका. तिथल्या वनउपजावर गावकऱ्यांचा हक्क असतो, कित्येकांचं वर्षाचं रोख उत्पन्न हेच. गावातल्या कुणाला तरी दिवसाची मजुरी देऊन सोबत घ्या आणि मिळालेलं त्यांच्याशी बोलूनच घ्या. सैंजच्या बाजूला गेलात तर ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत तोडायचं नाही. २०१४ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे.

सगळ्यात महत्त्वाचं: कच्ची कधीच खायची नाही. खरी गुच्छीसुद्धा. २०२३ मध्ये अमेरिकेत मोंटाना राज्यात एका हॉटेलात कच्ची आणि अर्धकच्ची गुच्छी खाऊन ५१ जण आजारी पडले, त्यातले दोघे दगावले. शिवाय गुच्छीसारखी दिसणारी एक छत्री आहे, जायरोमित्रा. तिला मेंदूसारख्या वळ्या असतात आणि चिरल्यावर आत सलग पोकळी न दिसता कप्पे दिसतात. तिच्यातलं विष जिवावर बेतू शकतं. म्हणून प्रत्येक गुच्छी उभी चिरायचीच. पोकळीत किडे बसलेले असतात, तेही निघतात. मिठाच्या पाण्यात ठेवून धुवा आणि पूर्ण शिजवा. त्यासोबत दारू नको, काहींना त्रास होतो.

चूल_भाकरी:
दादा, ही शेतात लावता येत नाही का? शेडमध्ये धिंगरी अळंबी घेतात तशी?

सैंजचा_सर्व्हेवाला:
धिंगरीइतकं सोपं नाही. चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर लागवड होते. आपल्याकडं सोलनच्या अळिंबी संशोधन संस्थेनं २०२१ मध्ये यश मिळाल्याचं सांगितलं होतं. पण थंड हवा हवीच. सोलापुरात त्यासाठी पैसे मागायला कुणी आलं तर देऊ नका.

माळरान_मोहोळ:
दादा, खूप आभार. भावाला वाचून दाखवलं, आधी नाराज झाला, पण पटलं. आम्ही कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्ली आणि पुढं बसनं जाणार. जंगलात नाहीच मिळाली तर वाळलेली घ्यावी का? आणि करायची कशी?

सैंजचा_सर्व्हेवाला:
घ्या, पण ५० ग्रॅमच. बाजारभाव दरवर्षी बदलतो, किलोला दहा हजारांच्या खाली कुणी सांगितलं तर आधी माल नीट तपासा. ताज्या दहा किलोची वाळून जेमतेम एक किलो होते, म्हणून ती महाग. चार-दोन चिरून आत दोरा, माती, खडा भरून वजन वाढवलंय का ते बघा. घरगुती माल दोऱ्यात ओवून चुलीवर टांगलेला असतो, त्याला धुराचा वास येतो. मला तोच आवडतो.

भात करायचा तर गुच्छी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. ते पाणी फेकू नका, माती खाली बसू द्या आणि गाळून भातात घाला. तूप, कांदा, मिरी, मीठ, बास. आपला काळा मसाला आणि शेंगदाण्याचं कूट यात नको, सगळा वास मरतो. भात चढवायच्या आधी गुच्छी तुपात चांगली परता आणि मग झाकण ठेवून मऊ होईपर्यंत शिजवा. निघायची तारीख कळवा, सैंजच्या वाटेवरच्या औट गावाच्या पुढं कुणाला विचारायचं ते मेसेजमध्ये सांगतो.