नायट्रिक आणि ॲसेटिक आम्ल एकाच कपाटात ठेवावं का?

प्रश्न: दोन्ही आम्लंच, म्हणून ७० टक्के नायट्रिक आणि ग्लेशियल (म्हणजे जवळजवळ शुद्ध) ॲसेटिकच्या बाटल्या शेजारी ठेवल्या आहेत. चालेल का? टाकाऊ द्रवासाठी एकच कॅन पुरेल?

उत्तर १: दोन्ही नको. ग्लेशियल ॲसेटिकचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) साधारण ३९ अंश सेल्सिअस, त्यामुळे ते ज्वलनशील द्रवांच्या कपाटात जातं. नायट्रिक तीव्र ऑक्सिडीकारक, म्हणजे इतर पदार्थांना पेटायला मदत करणारं. ते सेंद्रिय पदार्थांपासून दूर, स्वतंत्र ट्रेमध्ये.

उत्तर २: टाकाऊ कॅन जास्त धोक्याचा. नायट्रिकमध्ये ॲसिटोन किंवा इथेनॉलचा थोडा अंश गेला तरी वायू तयार होऊ शकतो. अभिक्रिया कधी कधी काही तासांनी वेग घेते. तोवर झाकण घट्ट लावून सगळे घरी गेलेले असतात, आणि बाटली फुटते. वायू सोडणारं झाकण लावा, किमान १० टक्के जागा रिकामी ठेवा. सॉल्व्हंटची (ॲसिटोन, इथेनॉलसारख्या द्रावकाची) जुनी बाटली यासाठी कृपया घेऊच नका, धुतलेली असली तरी.

उत्तर ३: पातळ नायट्राइल हातमोजे तीव्र नायट्रिकपुढे टिकत नाहीत. जाड निओप्रीनचे घाला, ओतणं फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर खेचणाऱ्या बंदिस्त कपाटात). थोडं सांडलं तर कागद किंवा भुसा नको, पेट घेऊ शकतो. सोडियम बायकार्बोनेट कडेकडून आत टाकत या.

प्रश्नकर्ता: बाटल्या आजच वेगळ्या करतो.